आरोग्यमंत्री साहेब, लिथियमची गोळी संपते तेव्हा घरात काय होतं ते ऐका

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, मी सोलापुरातनं लिहितेय. माझे मिस्टर यंत्रमागावर टॉवेल विणतात, नऊ वर्षं झाली त्यांना बायपोलर आहे. म्हणजे कधी महिना महिना भिंतीकडं तोंड करून पडून राहणार आणि कधी रात्र रात्र झोपच नाही, डोकं नुसतं पळत असतं. दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेत असंच झालं, पोरीच्या फीसाठी दिरांकडनं उसने आणलेले पैसे एका संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या पोरांना पाळण्यात बसवण्यात आणि खेळणी वाटण्यात गेले. दीर तेव्हापासनं बोलत नाहीत, दिवाळीलापण आले नाहीत. त्यांचापण राग खोटा नाही, कष्टाचे पैसे होते.

तेव्हा गोळ्या बंद होत्या साहेब. सरकारी दवाखान्यात लिथियम, म्हणजे त्यांचं मन ताळ्यावर ठेवणारी गोळी, संपलंय, बाहेरनं घ्या म्हणाले, आणि आमचा पगार झाला नव्हता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम 18 मध्ये, सरकारच्या अत्यावश्यक यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात कायम फुकट मिळायला पाहिजेत असं लिहिलंय. लिथियम राष्ट्रीय यादीत आहे, मग संपतं कसं?

आणि नुसत्या गोळीनं भागत नाही, रक्तातली लिथियमची लेव्हल बघावी लागते. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर विषबाधा. आमचं एप्रिल-मेचं ऊन, त्यात मागाच्या शेडमधला उकाडा, घामानं अंगातलं पाणी-मीठ गेलं की लेव्हल चढते. म्हणून मी पाण्याची बाटली देते, संध्याकाळी किती उरलं ते बघते, ताट धरताना हात थरथरतो का बघते, गोळ्या मोजते. परवा ते म्हणाले, "तू माझी बायको आहेस का वॉचमन?" चिडून नाही हो, हळूच म्हणाले. मला उत्तरच सुचलं नाही.

लेव्हलची तपासणी इथंच सरकारीत फुकट करा, साठा संपायच्या आधी मागवा. आणि ओपीडीत आठवड्यातनं एक दिवस तरी घरच्यांशी बोलायला माणूस बसवा. सरकारच्या 14416 या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर मी एकदा रात्री फोन केलेला, नीट ऐकून घेतलं, रडू दिलं, त्यांचे उपकार आहेत. पण दिरांना माझ्या तोंडून पटत नाही, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं तर ते ऐकतील, आहेत ते मायाळू.

जानेवारीत परत गड्डा आहे, त्याच्या आधी गोळ्यांचं तेवढं बघा साहेब.

आपली,
यंत्रमाग कामगाराची बायको, सोलापूर