ओमला, ग्लोव्हज काढायच्या आधी

ओम राजा,

काल फोनवर तू म्हणालास की आई मी पाच फूट आठ आहे म्हणून आइस हॉकीत सगळे मला रिंकच्या कडेच्या बोर्डवर आदळतात, पुढच्या मॅचला मी ग्लोव्हज काढून मारामारी करणारच. मी गप्प बसले कारण आवाज फुटला असता. म्हणून लिहितेय, पूर्ण वाच.

1998 ला आम्ही टोरोंटोला आलो तेव्हा बाबा नाईट शिफ्टला आणि मी बेसमेंटमध्ये एकटी, शनिवारी रात्री टीव्हीवर हॉकी लावून बसायचे, ऑफसाइड काय ते कळायचं नाही पण टोरोंटोच्या टीमचा 28 नंबर बरोबर कळायचा. टाय डोमी, मारामारीसाठी गाजलेला. पाच फूट दहा, अल्बेनियातनं आलेल्या आईबापांचा पोरगा, आपल्यासारखंच बाहेरून आलेलं घर, त्यामुळे तो मला आपला वाटायचा आणि अजून वाटतो. 1,020 मॅच खेळला आणि 3,515 पेनल्टी मिनिटं, म्हणजे शिक्षा म्हणून मिळालेली मिनिटं! 1992 ला न्यूयॉर्कमध्ये सहा फूट तीनच्या बॉब प्रोबर्टला, तोही असाच मारामारीवाला खेळाडू, भिडला, त्याचं रक्त काढलं आणि कमरेला चॅम्पियनचा पट्टा बांधल्याची अ‍ॅक्शन केली, मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रोबर्टने त्याची सव्याज परतफेड केली. लांब हातवाल्यासमोर बुटक्याने लांब राहिलं की संपलंच, जर्सी धरून आत घुसायचं आणि डोक्यावर चार खाऊन एक द्यायचा, तेच डोमी करायचा. चार खाऊन, ओम.

प्रोबर्ट 2010 ला गेला, 45 वर्षांचा होता. नंतर त्याचा मेंदू तपासला तर डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार निघाला.

आता तुझ्याच उंचीचा सांगते, स्टॅन जोनाथन, बोस्टनच्या टीमचा, ओंटारियोतल्या सिक्स नेशन्स या मूळनिवासी वस्तीचा, म्हणजे इथलाच. 1978 च्या स्टॅनली कपच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगच्या, फायनलला चौथ्या मॅचमध्ये त्याने सहा फूट दोनच्या पिएर बुशारचं नाक मोडलं, बर्फावर रक्तच रक्त. लोकांना तेवढंच आठवतं. पण त्याच सीझनला त्याने 27 गोल मारले होते हे कोणी सांगत नाही आणि मला तेच जास्त भारी वाटतं, कारण मोठे डिफेन्समन त्याला नेटसमोरून हलवू शकायचे नाहीत. तुझं तेच आहे ना रे, कोपऱ्यातनं पक (ती रबरी चकती) काढतोस ते मी बघते.

आणि रिक रिपियन. व्हँकूवरच्या टीमचा, पाच फूट अकरा, सहा फूट सातच्या माणसाशीसुद्धा भिडायचा, कोणाला म्हणून घाबरायचा नाही. आतून डिप्रेशनशी झगडत होता. ऑगस्ट 2011 ला गेला, 27 व्या वर्षी, नुकतंच विनिपेगच्या टीमने त्याला घेतलं होतं. ती बातमी वाचली तेव्हा तू लहान होतास, माझ्या मांडीवर झोपला होतास, मी किती वेळ उठलेच नाही.

तुला घाबरट म्हणतील म्हणून तू हे करणार असशील तर मला तसं सांग. ड्रेसिंग रूममध्ये कोण काय बोलतं, झोप लागते का, सगळं सांग, मी ओरडणार नाही. रविवारी आम्ही येतोय, बाबांनी गाडीचे टायर बदललेत. आणि उजव्या हाताची सूज उतरली का त्याचा फोटो आजच पाठव.

आई