कँडी रंग डब्यात तयार होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत मॉडेल गाड्या रंगवायची कृती वाचली. ‘लाल रंगात चमचाभर चंदेरी पावडर कालवली की कँडी रेड तयार’ असं त्यात छापलंय. अहो, त्याने होतो तो मेटॅलिक लाल, तोही मळकट गुलाबीकडे झुकलेला. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात मी 28 वर्षं गाड्या रंगवल्या, टचिंगचा (ओरखड्यावर मारायचा) रंग जुळवायचं काम शेवटी माझ्याकडेच असायचं. आता कोपरीच्या घरी नातवाबरोबर 1/24 मापाच्या गाड्या रंगवतो. म्हणून राहवलं नाही.

आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद घ्या आणि चॉकलेटच्या चांदीवर धरा. कागदाची एक घडी घातली की लाल गडद होतो, दोन घातल्या की डाळिंबी, तरी खालची चांदी चमकत राहते. कँडी ती हीच. खाली चंदेरी किंवा सोनेरी, मध्ये पारदर्शक रंग, वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी चकचकीत थर. उजेड रंगातून खाली जातो, चांदीवर आपटतो आणि त्याच रंगातून परत येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. कॅलिफोर्नियात 1950 च्या दशकात जो बेलन या कारागिराने कँडी ॲपल रेड केला तो असाच, थरांवर थर देऊन. साखरेच्या लाल पाकात बुडवलेल्या सफरचंदाचं ते नाव.

साध्या लाल रंगातलं पिगमेंट, म्हणजे रंगाची भुकटी, चांदी झाकून टाकतं, म्हणून मधल्या रंगाच्या बाटलीवर ‘क्लिअर’, म्हणजे पारदर्शक, लिहिलेलं हवं. आम्ही तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे क्लिअर रंग वापरतो: एक्स-27 लाल, एक्स-23 निळा, एक्स-24 पिवळा. आमचा डाळिंबी म्हणजे लालचे 20 थेंब आणि निळ्याचा 1. निळ्याचा दुसरा थेंब पडला की तो वांग्याच्या वाटेला लागतो. गडद करायला साधा काळा घातलात तर चांदी मेलीच. त्यासाठी एक्स-19 स्मोक, म्हणजे पारदर्शक धुरकट काळा. तोच लाल सोनेरीवर मारला की उबदार दिसतो, चंदेरीवर जरा थंड.

पण नुसते थेंब मोजून रंग जुळत नाही, कोट, म्हणजे एकावर एक दिलेले थरही मोजावे लागतात. लग्नात आइस्क्रीमबरोबर मिळणारे प्लास्टिकचे चमचे मी धुऊन ठेवतो (सौ.चा याला कायमचा आक्षेप आहे). सगळ्यांना आधी चंदेरी द्यायचा, मग एकाला दोन कोट, दुसऱ्याला तीन, असं सहापर्यंत, आणि आकडा मार्करने दांड्यावर लिहायचा. दोन आणि पाच कोटांचे चमचे शेजारी धरले तर एकाच बाटलीतला रंग आहे हे खरं वाटत नाही. बॉनेट, बंपर, आरसे सुटे असतील तर सगळं एकाच बैठकीत, तेवढेच कोट देऊन रंगवायचं. नातवाने आरसे ‘उद्या करू’ म्हणून ठेवले होते. ते आजही दुसऱ्याच गाडीचे वाटतात.

गॅरेजच्या गनची सवय इथे नडते. एअरब्रशला (पेनाएवढ्या फवारणीच्या गनला) 0.3 मिमीचा नोझल आणि हवेचा दाब 15 पीएसआयच्या आसपास पुरतो. आधी दारांच्या फटी आणि कोपरे हलक्या हाताने, मग सपाट भाग. हात थबकला की तिथे रंग साचतो, आणि कँडीत साचलेला डाग पॉलिशने जात नाही, तो भाग पुन्हा चांदीपासून करावा लागतो.

ठाण्याच्या जुलैबद्दल तर त्या लेखात अवाक्षर नाही. लॅकर थिनर झटकन उडतो, पत्रा असो की प्लास्टिक, गार पडतं आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. मागच्या पावसाळ्यात माझी निळी इम्पाला (शेव्हरोले गाडीचं मॉडेल) अशीच ताक सांडल्यासारखी पांढरी पडली. सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारून ती वाचली. सगळ्या अशा वाचत नाहीत. कंप्रेसरच्या फिल्टरमधलं पाणी रोज काढावं लागतं, ते वेगळंच.

आता मुख्य तक्रार. लेखाबरोबरच्या फोटोत मुलगा बंद खोलीत फवारतोय आणि तोंडाला साधा कापडी मास्क. कापड धूळ अडवतं, थिनरची वाफ नाही. त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो, वर रंगाच्या बारीक तुषारांसाठी फिल्टर, आणि उघडी खिडक्या-दारं. वाफ पेटते. आमच्याकडे देवघरातलं निरांजन शांत झाल्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही. गॅरेजात वापरतात ते हार्डनर मिसळून वापरायचं, दोन भागांचं टू-के क्लिअर तर घरात नकोच. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो. आमच्या गॅरेजमधल्या एकाला तो जडला. आमच्यापैकी कोणीच तेव्हा मास्क घालत नव्हतं.

रंगाची चूक मुलांना गाडी बिघडली की कळेल. मास्कची दुरुस्ती मात्र पुढच्या शनिवारी त्याच पानावर, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा.

आपला वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)