वकीलताई, त्या एका प्रश्नासाठी

वकीलताई, सप्रेम नमस्कार.

आई जाऊन आता वर्ष होईल. गेल्या आठवड्यात शाळेतून निरोप आला, तिने मृत्युपत्रात शाळेला ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून पहिल्या दोन मुलींची फी भरली. फोन ठेवला आणि आधी तुमची आठवण आली. त्या दिवशी तुम्ही पाणंदीतून जाईपर्यंत मी दारात उभी होते, पण आभाराचा शब्द तोंडून फुटला नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी आम्ही बरीच दारं झिजवली. एका संस्थेने सांगितलं, देणगीला नाव लावायचं तर दहा लाखांच्या वर बोला. एका वकिलाने आई समोर बसलेली असताना मला विचारलं, "यांना कळतंय ना काय करतायत ते?" रिक्षात ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या माणसाचा राग मला अजून येतो.

तुम्ही आलात तेव्हा पाऊस धो धो पडत होता. ओली छत्री ओसरीवर टाकून तुम्ही सरळ आईच्या खाटेशी जमिनीवर बसलात आणि टाईप करून आणलेलं मृत्युपत्र तिला सावकाश वाचून दाखवू लागलात. "दुसऱ्या महायुद्धात स्वखुशीने आरमारात गेलेल्या खलाशांच्या स्मरणार्थ..." तिथे थांबलात. "आजी, आजोबा कुठल्या बोटीवर होते हो?"

भिंतीकडे तोंड करून पडलेली आई उठून बसली. "जमना," म्हणाली. "मनवार होती ती, लढाऊ बोट." सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नसे, पण १९४३ साली जमना सिसिलीच्या किनाऱ्यावर गेली होती, सोबत सतलज होती, हे बाबांकडून ऐकलेलं सगळं तिने तुम्हाला सांगितलं. तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत. पेन काढून ओळीच्या वर हाताने 'जमना' लिहिलंत आणि बाजूला तिची सही मागितलीत. सही करण्याआधी तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. रात्री मी पुसायला गेले तर तिने हात मागे घेतला.

ताई, ही पोरं कुणी धरून नेलेली नव्हती. हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हतीच. १९३९ साली दोन हजारही माणसं नसलेलं ते आरमार युद्ध संपेपर्यंत पंचवीस हजारांवर गेलं, आणि त्यात आपल्या रत्नागिरीकडचे किती, हिंदू काय, मुसलमान काय! युद्ध संपलं तसे त्यातले बहुतेक घरी पाठवले गेले. ज्यांना समुद्रानेच ठेवून घेतलं त्यांची नावं मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहातल्या वहीत आहेत, मालवाहू बोटींवरचे धरून सहा हजारांच्या वर. बाबांनी आईला एकदा ती वही दाखवायला नेलं होतं. म्हणूनच तिचा हट्ट होता, "एकट्या ह्यांचं नाव नको, सगळ्यांचं घाल." तुम्ही तो वाद न घालता तसाच मांडलात.

तुम्ही फी घेतली नाहीत, त्याचेही आभार आहेतच. पण पैसे सोडणारी माणसं मला आधीही भेटली आहेत. म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या उंचीला बसून बोलणारी फार थोडी. तुमच्या वयाची मुलगी असं वागते हे बघून मला किती धीर आला, ते सांगता येत नाही. शेवटच्या आजारात आई दोनतीनदा म्हणाली, "ती बाय परत आली तर तिला चहावर नको धाडू."

तेव्हा या. कोर्टाला सुट्टी असेल तेव्हा या, जेवायलाच या. मृत्युपत्राची प्रत मी बाबांच्या फोटोमागे ठेवली आहे, शाळेची पावती आता तिच्याजवळच ठेवते आहे.

तुमची,
खलाशाची लेक