बाबांच्या इंजेक्शनची पित्तातली वाट

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असूनही अँटिबायोटिक इंजेक्शन सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन का चालू ठेवलं, असं तुम्ही विचारलंत. हे औषध एकट्या किडनीवर अवलंबून नाही. 33 ते 67 टक्के लघवीवाटे जातं, उरलेलं यकृत पित्तात सोडतं. एक वाट मंदावली की दुसरी जास्त भार उचलते. यकृत ठीक असेल तर किडनीसाठी दिवसाला 2 ग्रॅमपर्यंतचा डोस सहसा कमी करत नाहीत. जेंटामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक मात्र जवळजवळ सगळं किडनीतूनच जातं, तिथे डोस जपूनच ठरवावा लागतो.

आता सोनोग्राफीत पित्ताशयात दिसलेले 'खडे'. यकृताची पेशी एका बाजूने रक्तातलं औषध घेते आणि दुसऱ्या बाजूच्या पित्ताच्या बारीक नळीत पंपाने ढकलते, त्यामुळे पित्तात ते रक्ताच्या कितीतरी पट साठतं. पुढे पित्ताशय पाणी शोषून पित्त आणखी घट्ट करतं. तिथे औषध कॅल्शियमशी जुळतं आणि त्याचा साका बसतो. सोनोग्राफीत तो हुबेहूब खड्यांसारखा दिसतो. डोस मोठा, दिवस जास्त आणि त्यात उपास, की शक्यता वाढते, कारण पोटात स्निग्ध काही गेल्याशिवाय पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही.

आई, इंजेक्शनं सुरू होण्याआधीची सोनोग्राफी फाईलमधून काढून नव्या रिपोर्टसोबत डॉक्टरांना दाखव. आधी पित्ताशय स्वच्छ असेल, तर हा बहुधा औषधाचाच साका. औषध थांबल्यावर तो काही आठवड्यांत, क्वचित दोन-तीन महिन्यांत विरघळतो. दुखत नसेल तर पित्ताशय काढायची घाई नको, पुन्हा सोनोग्राफी करून बघायचं. पथ्याचं वरण बिनतुपाचं नको, चमचाभर तूप चालेल. इंजेक्शन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील.

उजव्या बरगडीखाली कळ, उलट्या, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे किंवा शौच पांढुरकी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पित्ताची नळीच अडली असेल तर औषध पित्तात पोचत नाही, आधी वाट मोकळी करावी लागते.

आणखी एक: पित्तातून आतड्यात उतरलेलं औषध तिथले चांगले जंतूही मारतं. दिवसात तीन किंवा त्याहून जास्त पातळ जुलाब झाले, तर जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. औषध संपल्यावरही दोन-तीन महिने हे लक्षात असू द्या.

तुमची लेक