जुन्या टाकीत पिण्याचे पाणी नको

मा. संपादक, स. न. वि. वि.

कारखान्यांतून निघालेल्या, लोखंडी जाळीतल्या हजार लिटरच्या पांढऱ्या टाक्या हल्ली खानापूर, निपाणीकडे शेतात आणि घरामागेही दिसतात. २०० लिटरच्या पाच धातूच्या बॅरलांचा माल ही एकच टाकी घेते आणि फोर्कलिफ्टने उचलता येते, म्हणून कूलंट (यंत्रे थंड ठेवणारा द्रव), तेल, रसायनांसाठी ती रूढ झाली.

खरी मेख प्लास्टिकमध्ये आहे. आतली टाकी एचडीपीई या टणक प्लास्टिकची. तेल आणि सॉल्व्हंट (थिनरसारखे विरघळवणारे द्रव) तिच्या भिंतीत मुरते, मग हळूहळू पाण्यात उतरते. सोडा घाला, गरम पाण्याने धुवा. वास गेला तरी अंश राहतो. जाळीवरची पत्र्याची पाटी वाचा: '३१एचए१' (31HA1) या टाकीचा प्रकार सांगणाऱ्या खुणेपाशी टाकी बनल्याचा महिना आणि वर्ष असते. घातक द्रव वाहण्यासाठी तिची मुदत पाचच वर्षांची. आधीच्या मालाचे लेबल फाडलेले असेल तर ती घेऊच नका.

बांधकामाच्या पाण्याला वापरायची तर खाली सपाट काँक्रीट हवे. भरलेली टाकी टनाहून जड. सुट्या विटांवर ती कलंडते. खालचा दोन इंची व्हॉल्व्ह उघडण्याआधी वरचे झाकण सैल करा, नाहीतर हवा न मिळाल्याने भिंती आत ओढल्या जातात.

भंगार व्यापाऱ्यांनी आधीचा माल पावतीवर लिहून द्यावा, अशी सक्ती ग्रामपंचायतींनी करावी.

— एक वाचक, बेळगाव