वाइनचे गुण नकोत, चव लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवणीतल्या वाइनच्या सदरात बाटलीचे नाव, किंमत आणि पुढे १०० पैकी ८८ किंवा ९१ गुण एवढेच छापून येते. सोलापूरच्या वाचकाला त्या आकड्याचा काही उपयोग नाही. त्याला चवीचे टिपण हवे.

रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने १९७८ पासून रूढ केलेली १०० गुणांची पद्धत मुळात ५० पासून सुरू होते. वरच्या ५० पैकी रंगाला ५, वासाला १५, चव आणि मागे रेंगाळणाऱ्या स्वादाला २०, एकूण दर्जाला १०. बेरीज केली की आंबटपणा कमी पडला का तुरटपणा जास्त झाला, हे पुसले जाते. नान्नजच्या द्राक्षबागेत आलेला व्यापारीही ब्रिक्स (रसातली साखर), मण्याची जाडी, रंग वेगवेगळे पाहतो. शिवाय कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली, तेव्हा त्यांचे गुण साधारण ४ ने खालीवर झाले. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मग ८८ आणि ९१ मधला फरक धरायचा कसा?

आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाचा आहे. समीक्षक थंड खोलीत चाखतो. इथे तीच बाटली मे महिन्यात टेम्पोतून येते आणि पत्र्याच्या गोदामात पडून राहते. आठवडाभर तापली तरी फळाचा ताजेपणा जातो, कधी बूचही वर सरकते. टिपणात सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनविषयी ‘फिकट हिरवट, लिंबू आणि ढोबळी मिरचीचा वास, आंबटपणा खणखणीत’ असे लिहिलेले असेल आणि ग्लासात तपकिरीकडे झुकलेली, मुरांब्यासारख्या वासाची वाइन उतरली, तर बाटली तापली हे पहिल्या घोटाआधीच कळते. ८८ वरून ते कसे कळणार?

मात्र ‘मखमली’, ‘राजेशाही’ असली विशेषणेही नकोत. द्राक्षाची जात, हंगामाचे साल, चाखल्याची तारीख, गोडवा, आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल, गिळल्यावर चव किती सेकंद टिकते, एवढे चार ओळींत बसते. तापमान तर लिहाच. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला थंड देशांतला, इथे ३५ अंशांवर नुसते अल्कोहोल नाकात चढते. १६ ते १८ अंशांवर आणायला बाटली १५-२० मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागते.

अकलूजकडे वाइनच्या द्राक्षांच्या बागा आहेत. तिथल्या वाइनबद्दल तरी आकड्यापलीकडचे वाचायला मिळावे. आकडा छापायचाच असेल तर टिपणाच्या खाली, बारीक टाइपात छापा.

– एक वाचक, सोलापूर