अभ्यासिका हवीच, पण कपाटांची कुलपेही काढा

संपादक महोदय,

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी करतो. त्यानिमित्ताने खेड्यातल्या वाचनालयांबद्दल थोडे लिहिते.

मी माण तालुक्यातल्या मेंढपाळाची मुलगी. आमच्याकडे ‘पुढे कोण होणार?’ या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत : मिल्ट्री, पोलीस भरती, नाहीतर डीएड. जे रोज नजरेस पडते, त्यापलीकडे काही होता येते हे सुचतच नाही.

एका जूनमध्ये वळीव चांगला झाला, माळ हिरवा झाला आणि आबांच्या कळपातली धडधाकट कोकरे एका रात्रीत मेली. संध्याकाळी पोटभर चरून आलेली, सकाळी वाड्यात पोटे फुगून आडवी. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले नवस राहिला. पुढे गावच्या वाचनालयात कृषी मासिकाचा जुना अंक चाळताना ‘आंत्रविषार’ हा लेख सापडला. कोवळे गवत भरपूर खाल्ले की आतड्यातले जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यांचे विष अंगात भिनते आणि कळपातले सशक्त कोकरूच आधी जाते. पावसाळ्याआधी लस टोचली तर हे टळते. मी तो लेख आबांना मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या वैशाखात त्यांनी कळप दवाखान्यात नेला. लेखाखाली लेखकाची ओळख होती : पशुवैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक. असे महाविद्यालय असते, हे मला त्या ओळीने कळले. पुढे शिरवळला शिकले आणि आज याच भागात पशुवैद्य आहे.

आता त्या वाचनालयाची अभ्यासिका झाली आहे. पोरे पहाटेपासून प्रश्नसंच घेऊन बसतात. त्याला माझा मुळीच विरोध नाही, त्या नोकऱ्यांवर आमच्याकडची कितीतरी घरे उभी राहिली. पण कथा-कादंबऱ्या, विज्ञान, शेती, पशुपक्षी यांची कपाटे कुलूपबंद आहेत. सातवीतल्या मुलीने पुस्तक मागितले तर किल्ली सापडत नाही. ग्रंथपालाला दोष देणार नाही. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या माणसाला हरवलेल्या पुस्तकाची भीती वाटणारच.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, अनुदानही मिळते. ‘ड’ वर्गाच्या छोट्या वाचनालयांतही शाळा सुटल्यावर दोन तास कपाटे मुलांसाठी उघडी राहतील आणि फाटल्या-हरवल्या पुस्तकांचा भुर्दंड ग्रंथपालावर पडणार नाही, एवढे तरी संबंधितांनी पाहावे. ग्रामपंचायतींनी पुस्तक खरेदीत स्पर्धा परीक्षांबरोबर पिके, जनावरे, हवामान, यंत्रे यांवरचीही पुस्तके घ्यावीत.

पावसाळ्याआधी लसीकरणासाठी आम्ही पशुवैद्य गावोगाव जातोच. त्याच फेरीत वाचनालयात अर्धा तास थांबून मुलांशी बोलायला मी तयार आहे, माझे सहकारीही येतील. गावाने बोलावणे तेवढे धाडावे.

– एक पशुवैद्य, ता. माण, जि. सातारा